नाशिकच्या पावसात गाडी चालवायची तर रेनकोट कसा निवडायचा

नाशिकला शिकायला किंवा नोकरीला नव्याने आलेल्यांना जूनचा पाऊस हमखास गाफील ठेवतो. दुपारी गडगडाट होतो, वळवाची एक सर येते आणि तासाभरात कॉलेज रोड पुन्हा कोरडा. मग वाटतं, एवढ्यासाठी कशाला पैसे घालवायचे, रस्त्याकडेच्या स्टॉलवरचा एखादा स्वस्तातला रेनकोट पुरेल. जुलैत झड लागते, चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच त्या रेनकोटची शिवण मांडीवर उसवलेली असते. सातपूर किंवा अंबडला पहिल्या पाळीला पोचायचं, ओल्या जीन्समध्ये पाळीचे आठ तास काढायचे आणि त्याच जीन्सवर परत निघायचं, असे दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत.

यात सोयीपेक्षा सुरक्षिततेचा भाग मोठा आहे. भिजून कुडकुडणारा माणूस गाडी घाईने चालवतो. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला याचा अंदाज येत नाही. मानेवरून पाणी पाठीत उतरत असलं की निम्मं लक्ष तिकडे जातं, आणि पावसात नाशिकच्या रस्त्यांवर लक्ष कुठे हवं ते खड्डे, चेंबरची झाकणं आणि गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक सांगतातच. म्हणून रेनकोटाकडे मी हेल्मेटइतक्याच गांभीर्याने बघतो.

दुकानात बहुतेक जण रेनकोटाचं कापड दोन बोटांत चोळून बघतात, ‘जाड आहे’ म्हणतात आणि घेतात. धड कापडातून पाणी सहसा येत नाही. ते येतं शिवणीतून, चेनमधून, गळ्यातून, मनगटातून आणि मांड्यांच्या मधल्या जोडातून. शिवाय रेनकोट आपण उभ्याने घालून बघतो आणि वापरतो बसून. या दोन गोष्टी लक्षात ठेवून खरेदीला गेलात तर निम्मं काम झालं.

आधी तुमचा रस्ता कोणता ते ठरवा

नाशिकचा पाऊस सगळीकडे सारखा नाही. शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि पन्नास किलोमीटरच्या आतच असलेल्या इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर. त्र्यंबकेश्वरच्या बाजूलाही शहरापेक्षा कितीतरी जास्त. पंचवटीत ऊन पडलेलं असताना अंजनेरीपाशी समोरचं दिसत नाही, असं जुलै-ऑगस्टमध्ये कितीदा तरी होतं. उलट सिन्नरच्या पूर्वेकडे किंवा निफाडकडे निघालात तर गंगापूर रोडला चिंब करणारा ढग तिकडे पोचेलच असं नाही.

म्हणून स्वतःला विचारा: पावसात एका वेळी मी किती मिनिटं गाडीवर असतो, आणि कुठल्या दिशेला जातो?

सिडकोतून सीबीएसपर्यंत किंवा इंदिरानगरहून कॉलेज रोडला, असा पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास असेल तर मध्यम दर्जाचा, पण शिवणी आतून टेपने बंद केलेला दोन तुकड्यांचा रेनसूट पुरतो. गोंदे, वाडीवऱ्हे, घोटी या पट्ट्यात कामाला असाल, किंवा त्र्यंबकच्या पलीकडे रोजचं जाणं असेल, तर मात्र तासभर सलग पाऊस अंगावर घेणारा रेनसूट लागतो आणि तिथे काटकसर अंगाशी येते. त्या बाजूला वारा असतो, गारवा असतो, पुढे कसारा घाटात धुकं असतं. शनिवार-रविवारी भावली किंवा दुगारवाडीकडे फिरायला जाणाऱ्यांनीही स्वतःला याच दुसऱ्या गटात धरावं.

कोणता प्रकार घ्यायचा

पोंचो म्हणजे डोक्यातून घालायची मोकळी खोळ. गाडीवर तो घालू नका, इतकं साधं आहे. वाऱ्याने तो फुगतो, गाडी बाजूला ओढतो, त्याचं टोक चाकात किंवा गाडीच्या चेनमध्ये जाऊ शकतं, आणि मांडीच्या खाली तो काहीच झाकत नाही. पायी चालणाऱ्यासाठी उत्तम वस्तू आहे, गाडीवाल्यासाठी धोक्याची. गुडघ्यापर्यंतच्या लांब कोटाचंही तेच. बसल्यावर त्याचे दोन्ही पदर बाजूला होतात आणि मांड्या उघड्या पडतात.

राहिले दोन तुकड्यांचे, म्हणजे जॅकेट आणि पॅन्ट असलेले रेनसूट. त्यात तीन दर्जे मिळतात.

सगळ्यात स्वस्त पीव्हीसीचे. पाणी अडवतात चांगलं, पण हवा अजिबात खेळत नाही, त्यामुळे आतून घामाने भिजायला होतं. घडी जिथे पडते तिथे काही दिवसांनी चिरा जातात. एका पावसाळ्याची सोय म्हणून ठीक.

मधला दर्जा पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या कापडाला आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर दिलेल्यांचा. वजनाला हलके, घडी लहान, डिक्कीत मावणारे. साधारण हजार ते अडीच हजार रुपयांत बरा सूट मिळतो आणि नीट वापरला तर तीन-चार पावसाळे काढतो. नाशिक शहरात रोज गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना मी हाच घ्यायला सांगतो.

तिसरा दर्जा श्वास घेणाऱ्या पडद्याचा. गोअर-टेक्स हे त्यातलं सगळ्यात माहितीचं नाव. या पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. महाग असतात. रोज तास-दोन तास गाडीवर जात असतील, किंवा लांबच्या फेऱ्या होत असतील, तरच हा खर्च सार्थकी लागतो.

ज्यांच्याकडे रायडिंग जॅकेट आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. त्या जॅकेटच्या आत लावायचं वॉटरप्रूफ अस्तर बऱ्याचदा सोबत येतं. त्याने अंग कोरडं राहतं खरं, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं, गार पडतं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत वाळत नाही. आपल्याकडच्या झडीत तर दोन दिवस वाळत नाही. त्यापेक्षा जॅकेटच्या वरून घालता येईल असा रेनसूट घ्या, आणि मापही जॅकेट अंगात असतानाच बघा.

लेबलवरचा आकडा

चांगल्या रेनसूटवर ५००० मिमी, १०००० मिमी असे आकडे दिसतात. कापडावर उभी नळी ठेवून तिच्यात पाणी भरत गेलं, तर किती उंचीच्या पाण्याचा दाब ते कापड झिरपू न देता सहन करतं, तो हा आकडा. दहा हजार म्हणजे दहा मीटर उंचीचं पाणी. पावसाचे थेंब अडवायला एवढा आकडा लागत नाही असं वाटेल, पण ओल्या सीटवर बसल्यावर आपलं वजन पाण्याला कापडातून आत ढकलत असतं. बॅगेच्या पट्ट्याखाली खांद्यावर आणि वाकलेल्या गुडघ्यावरही तसंच. शहरासाठी पाच हजारांच्या आसपास, इगतपुरीच्या बाजूसाठी दहा हजार, असा ठोकताळा धरायला हरकत नाही.

लेबलवर ‘वॉटर रेझिस्टंट’ असेल तर तो भुरभुर अडवणारा कपडा, पाऊस अडवणारा नव्हे. ‘वॉटरप्रूफ’ हवं. आणि आकडा कापडाचा असतो, शिवणीचा नसतो. म्हणून पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची.

उलटा करून बघा

दुकानदाराकडून सूट हातात घ्या आणि सरळ उलटा करा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे.

शिवणयंत्राची सुई कापडातून जाताना प्रत्येक टाक्याला एक भोक पाडते. सेंटिमीटरला तीन-चार टाके धरले तर मीटरभर शिवणीत तीनशे-चारशे भोकं झाली. ती बुजवायला आतून शिवणीवर गरम करून एक पट्टी चिकटवतात. ही टेप म्हणजे रेनकोटाचा जीव. बोटभर रुंदीची, थोडी चमकदार, अर्धपारदर्शक किंवा राखाडी अशी ती दिसते. खांद्यापासून बाहीपर्यंत, बगलेतून खाली कमरेपर्यंत, पॅन्टच्या दोन्ही बाजूंनी, असं तिच्यावरून बोट फिरवत जा. ती कुठे तुटलेली आहे का, कडा उचललेली आहे का, आत हवेचा फुगा राहिलाय का, ते बोटाला लगेच कळतं. आत जाळीचं अस्तर असेल तर ते बाजूला सारून जमेल तितकं बघा. अस्तर पूर्ण शिवून टाकलेलं असेल आणि टेप दिसतच नसेल, तर घरच्या चाचणीशिवाय त्या सुटावर भरवसा ठेवू नका.

मग पॅन्टच्या मांड्यांमधला जोड बघा. तिथे चार बाजूंच्या चार शिवणी एका ठिकाणी भेटतात. टेपवर टेप येते, जाडी वाढते आणि नेमकी तिथेच ती नीट चिकटत नाही. आता गाडीवर बसलेल्या माणसाचा विचार करा: छातीवरचं सगळं पाणी ओघळून मांडीच्या खोलगट भागात साचतं, वरून टाकीवरचं पाणी मागे सरकून तिथेच येतं, आणि खाली सीट दाबत असते. अंगावर सगळीकडे कोरडा असलेला माणूस नेमका तिथेच ओला होतो तो यामुळे. चांगल्या पॅन्टला या जागी चार शिवणींचा जोड टाळून एक वेगळा ठिगळासारखा तुकडा बसवलेला असतो, किंवा आतून टेपवर आणखी एक गोल पट्टी असते. दोन सुटांमध्ये निवड अडली असेल तर हा जोड बघून निवडा, रंग बघून नको.

नंतर चेन. समोरच्या चेनवर निदान एक, शक्यतो दोन झाकणपट्ट्या हव्यात, आणि त्या वेल्क्रोने किंवा बटणाने पूर्ण लांबीभर बंद व्हायला हव्यात. चेनच्या आतल्या बाजूलाही एक पन्हळीसारखी पट्टी असेल तर शिरलेलं पाणी तिच्यातून खाली निघून जातं. छातीवरच्या खिशांवर विश्वास ठेवू नका. बहुतेक सुटांत पहिलं पाणी खिशातच शिरतं.

घालून बसा

नेहमीचे कपडे, बूट आणि असेल तर रायडिंग जॅकेट घालूनच खरेदीला जा. हेल्मेट सोबत न्या. सूट अंगात चढवा आणि दुकानातल्या स्टुलावर गाडीवर बसल्यासारखे बसा: पाय मुडपलेले, हात पुढे, पाठ थोडी वाकलेली. दुकानासमोर स्वतःची गाडी उभी असेल तर तिच्यावरच बसा.

हात पुढे नेल्यावर बाही मनगटाच्या वर सरकते का? सरकत असेल तर एक माप मोठं घ्या. पॅन्टची मोहरी बसल्यावर चांगली चार-पाच बोटं वर जाते, म्हणून उभं असताना ती जमिनीला टेकतेय की काय इतकी लांब वाटायला हवी. जॅकेट पाठीमागे कमरेखाली यायला हवं, नाहीतर वाकलं की कमरेचा पट्टा उघडा पडतो आणि सीटवरचं पाणी आत चढतं. गुडघे वाकवल्यावर मांडीवर कापड ताणलं जात असेल तर तो सूट फार दिवस टिकणार नाही. ताणलेल्या शिवणीवरची टेप आधी सुटते.

मान डावी-उजवीकडे फिरवून बघा. कॉलर उंच हवी, पण हेल्मेटच्या कडेला अडकून मान वळायची थांबता कामा नये. पावसाळ्यात मागचं बघायला मान वळवावीच लागते, कारण आरशांवर थेंब असतात.

जॅकेटला टोपी असेल तर ती काढता येणारी किंवा कॉलरमध्ये गुंडाळून ठेवता येणारी असावी. हेल्मेटवरून टोपी ओढून गाडी चालवणारे खूप दिसतात. तिच्यामुळे बाजूचं दिसत नाही आणि वाऱ्याने ती मागे ओढली जाते. हेल्मेटच्या आत जाड टोपी घातली तर हेल्मेट नीट बसत नाही. टोपी गाडीवरून उतरल्यावर वापरायची.

पॅन्ट बुटांसकट घालता येते का, हेही तिथेच बघा. मोहरीला खालून गुडघ्यापर्यंत उघडणारी चेन आणि तिच्या आत जास्तीचं कापड असेल तर उड्डाणपुलाच्या कडेला एका पायावर नाचत बसावं लागत नाही. मोहरी आवळायला वेल्क्रोची पट्टी हवीच. विशेषतः उजव्या पायाची मोहरी सैल राहिली तर ती सायलेन्सरला टेकते आणि वितळते. काही सुटांत त्या जागी उष्णता सोसणारा तुकडा लावलेला असतो. दिसला तर तो जमेचा मुद्दा धरा.

रंग

काळा आणि गडद निळा रेनकोट दुकानात सगळ्यात जास्त असतो, कारण मळ दिसत नाही. संध्याकाळी सातच्या पावसात द्वारका चौकात त्या रंगाचा माणूसही दिसत नाही. ट्रक-बसच्या काचेवर पाणी, समोरून येणाऱ्या दिव्यांची चमक, त्यात काळा रेनकोट. चालकाने कितीही ठरवलं तरी त्याला तुम्ही उशिराच दिसणार.

पोपटी-पिवळा किंवा केशरी, डोळ्यांत भरणारा रंग घ्या. लोक हसले तरी चालेल. पाठीवर आणि दंडांवर दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात. काळाच सूट हाती असेल तर वरून चमकत्या पट्ट्यांचं जाळीचं जॅकेट घाला, ते फार महाग नसतं. एक बारीक गोष्ट राहून जाते: पाठीवर बॅग घेतली की सुटाच्या पाठीवरची पट्टी झाकली जाते. म्हणून बॅगेचं कव्हरही भडक रंगाचं आणि पट्टीवालं असावं.

एप्रिल २०१७ पासून आलेल्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम सुरूच असतो. जुनी गाडी असेल तर पावसात तो दिवसाही हाताने लावा. मागचा दिवा लागतोय का, ते निघण्यापूर्वी बघा.

हेल्मेटची काच

कपड्यांइतकाच वेळ मी काचेवर घालवायला सांगेन. हेल्मेट आयएसआय खुणेचं, म्हणजे आयएस ४१५१ या मानकाचं, आणि पूर्ण चेहरा झाकणारं हवं. अर्ध्या हेल्मेटमध्ये पावसाचे थेंब डोळ्यांत सुयांसारखे टोचतात आणि माणूस डोळे मिटून गाडी चालवायला लागतो.

काच पूर्ण पारदर्शक असावी. उन्हाळ्यात हौसेने लावलेली काळी काच जून उजाडायच्या आत बदलून टाका. काचेवर ओरखडे असतील तर रात्री समोरच्या प्रत्येक दिव्याचा तारा होतो. नवी काच दोन-चारशे रुपयांपासून मिळते, आणि पावसाळ्याच्या तयारीत इतक्या कमी पैशांत इतका मोठा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

आतून वाफ धरते ती आपल्या श्वासाची. गाडी चालू असताना काच एक खाच वर ठेवली की हवा खेळते. सिग्नलला थांबलात की थोडी जास्त उघडा. घरगुती उपाय म्हणजे भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब काचेला आतून चोळायचा आणि मऊ कोरड्या फडक्याने पुसून टाकायचा. एक-दोन दिवस काम भागतं. लांब जाणाऱ्यांनी पिनलॉक लावता येईल असं हेल्मेट बघावं. त्यात काचेला आतून दुसरी पातळ काच बसते आणि दोन्हींमध्ये हवेचा थर राहतो, त्यामुळे वाफ जवळजवळ धरतच नाही.

काच बाहेरून पुसायला रेनकोटाची बाही वापरू नका, तिच्यावरचा चिखल काचेवर ओरखडे काढतो. गाडीला थोडा वेग असेल तेव्हा मान किंचित बाजूला वळवली की थेंब वाऱ्याने आपोआप पळतात.

हात आणि पाय

शहरात साधे, चांगली पकड असलेले हातमोजे चालतात, भिजले तरी चालतात. घोटीच्या पुढे मात्र वॉटरप्रूफ हवेत, कारण तिथे ओल्या हाताला वारा लागला की बोटं दहा मिनिटांत आखडतात. हातमोज्याची कड बाहीच्या आत घाला. बाहीवरून ओघळणारं पाणी मग मोज्यावरून बाहेर पडतं. रबराचे घरगुती हातमोजे घालून गाडी चालवू नका, क्लच-ब्रेकवर ते सरकतात.

पायात गमबूट सगळ्यात खात्रीचे. गिअर टाकताना पुढचं टोक लिव्हरखाली नीट जातंय का तेवढं बघा. बुटांवर चढवायची प्लास्टिकची कव्हर स्वस्त मिळतात, पण त्यांचा तळ गुळगुळीत असेल तर ओल्या फरशीवर पाय टेकवताच घसरतो. रबरी, खाचा असलेला तळवा असेल तरच घ्या. आणि पॅन्टची मोहरी बुटाच्या वरून खाली सोडा, बुटात खोचू नका. खोचली की पॅन्टवरचं सगळं पाणी बुटात जमा होतं. चप्पल घालून पावसात गिअरची गाडी चालवणं मला बघवत नाही. निदान मागून पट्टा असलेली सँडल तरी घाला.

रेनकोटाच्या आत काय घालता यानेही फरक पडतो. जीन्स एकदा ओली झाली की दिवसभर ओलीच. पातळ पॉलिस्टरची ट्रॅकपॅन्ट किंवा लवकर वाळणारी पॅन्ट घाला, ऑफिसचे कपडे बॅगेत न्या.

बॅग, मोबाइल, कागदपत्रं

बॅगेवरचं कव्हर समोरचा पाऊस अडवतं, पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच. लॅपटॉप नेत असाल तर बॅगेच्या आत तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बंद करता येणारी वॉटरप्रूफ पिशवी ठेवा. तेवढे पैसे नसतील तर जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये ठेवली की मूळ कागद भिजवायची वेळ येत नाही. मोबाइल हँडलवरच्या पारदर्शक पाउचमध्ये ठेवणाऱ्यांनी तो पाऊच आधी कागदाचा तुकडा आत ठेवून नळाखाली धरून बघावा.

मागे बसणाऱ्यांसाठी

मागच्या माणसाला स्वतःचा पूर्ण रेनसूट हवा. मागे बसून छत्री उघडणं तर अजिबात नको. एक झोत आला की छत्री आणि गाडी दोन्ही भलतीकडे जातात.

साडी किंवा ओढणी असेल तर ती पॅन्टच्या आत नीट खोचून, वरून जॅकेट पूर्ण बंद करूनच बसायचं. पदर आणि ओढणीचं टोक मोकळं राहता कामा नये. साडीवर घालायला सैल, कमरेला नाडी असलेली पॅन्ट घ्या. गाडीचा साडीगार्ड काढून टाकला असेल तर पुन्हा बसवा.

लहान मुलाला पुढे बसवून आपल्याच रेनकोटात झाकून घ्यायची सवय आपल्याकडे फार आहे. त्यात मुलाला काही दिसत नाही, गुदमरायला होतं, आणि आपले हात अडकतात. मुलाला त्याच्या मापाचा रेनकोट आणि त्याच्या मापाचं हेल्मेट. पाऊस जास्त असेल तर शाळेत दहा मिनिटं उशिरा पोचलेलं परवडतं.

घरी आणल्यावर पाण्याखाली उभं राहा

बिल सांभाळून ठेवा आणि सूट पहिल्याच दिवशी तपासा. आत फिक्या रंगाचे सुती कपडे घाला, पाण्याचे डाग त्यांच्यावर लगेच दिसतात. वरून सूट पूर्ण बंद करा, बाथरूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर गाडीवर बसल्यासारखे बसा आणि घरातल्या कुणाला तरी वरून शॉवर किंवा पाइप सोडायला सांगा. पाच मिनिटं समोरून, पाच मिनिटं मांडीवर. मग हळूच सूट काढा आणि डाग कुठे आहेत ते बघा. गळ्यापाशी असेल तर कॉलर नीट बंद झाली नव्हती. शिवणीच्या रेषेत असेल तर टेप खराब आहे, सूट बदलून आणा. मांडीच्या जोडात असेल तर कुठलाही दुकानदार काहीही म्हणो, बदलूनच आणा.

रस्त्यावर

रेनकोट भिजायच्या आधी घालायचा असतो. विल्होळीला ढग काळे दिसले की तिथेच घाला, वाडीवऱ्ह्याची वाट बघू नका. थांबायचं तर पेट्रोलपंप, हॉटेलचं आवार किंवा बसथांबा बघून. मुंबई नाक्याजवळ उड्डाणपुलाखाली रस्त्यावरच गाड्या लावून थांबलेली गर्दी मागून येणाऱ्याला पावसात दिसत नाही, त्या गर्दीत सामील होऊ नका. विजा होत असतील तर झाडाखाली नको.

पाऊस सुरू झाल्यावरची पहिली काही मिनिटं रस्ता सगळ्यात निसरडा असतो, कारण धूळ आणि सांडलेलं तेल पाण्यात मिसळून वर येतं. तेवढा वेळ वेग कमी ठेवा, पांढऱ्या पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर ब्रेक मारू नका, दोन्ही ब्रेक हळुवार एकत्र वापरा. आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं, की त्या बाजूच्या सखल रस्त्यांवर गाडी घेऊन जाऊच नका. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, अंगावर कितीही भारी सूट असला तरी.

निगा

घरी आलं की सूट झटकून हँगरला लावा, आधी आतली बाजू बाहेर काढून, मग सरळ करून. सावलीत, वाऱ्यावर. ओला सूट डिक्कीत कोंबून ठेवला तर दोन दिवसांत कुबट वास येतो आणि बुरशीचे ठिपके पडतात. चिखल लागला असेल तर साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. पीव्हीसी आणि पीयूच्या सुटांना कपडे धुवायची पावडर, ब्रश, वॉशिंग मशीन, इस्त्री यांतलं काहीही नको, टेप आणि आतला थर दोन्ही सुटू शकतात. दर पंधरा दिवसांनी सूट उलटा करून टेपवरून बोट फिरवा. एखादी कड उचललेली सापडली तर तो भाग पूर्ण वाळवून शिवण बंद करायचं द्रव आतून लावा आणि रात्रभर तसाच राहू द्या.

सप्टेंबर संपला म्हणून लगेच सूट माळ्यावर टाकू नका. परतीचा पाऊस ऑक्टोबरात द्राक्षबागायतदारांना रडवतो, तसाच तो बेसावध गाडीवाल्यांनाही भिजवतो. दिवाळीच्या सुमारास एकदा सूट स्वच्छ पाण्याने पुसून, दोन दिवस सावलीत खडखडीत वाळवून, घट्ट घडी न घालता हँगरवर किंवा सैल गुंडाळून ठेवा. पीव्हीसीचा असेल तर आतून थोडी टाल्कम पावडर भुरभुरा, म्हणजे थर एकमेकांना चिकटणार नाहीत. पुढच्या मेच्या शेवटच्या आठवड्यात तो बाहेर काढा आणि बाथरूममधली चाचणी पुन्हा करा. बाजारात गर्दी व्हायच्या आत नवा घ्यायचा की नाही ते तेव्हाच ठरेल.